नाताळच्या आधीचे चार आठवडे: लहान मुलांच्या घरात फराळ, गोठा आणि झोप यांचा मेळ

वसई, उत्तन, गोराई, वांद्रे, पुण्याचा कॅम्प, अहिल्यानगर, कुठेही असा, नाताळच्या आधीचा महिना बहुतेक घरांत आईच्याच अंगावर येतो. ऑफिसात वर्षअखेरीची कामं, शाळेत गॅदरिंग आणि चाचणी परीक्षा, आणि घरात दोन ते आठ वर्षांची मुलं. त्यातच फराळ, केक, गोठा (येशूजन्माचा देखावा), कागदी तारा, कपडे आणि पाहुणे. आजीच्या काळात हे काम वाड्यातल्या पाच-सात बायका मिळून करत. आज फ्लॅटमध्ये एकट्या बाईने तेवढंच करायचं म्हटलं तर ते होत नाही. त्यात तिचा दोष नसतो, कामाची मांडणीच तशी असते.

म्हणून पदार्थांची यादी करायच्या आधी कामाचे दोन भाग पाडा. एक गरम काम: तळण, पाक, कॅरमेल, ओव्हन, पेरूचा पेराड (आटवून केलेली वडी) ढवळणं. दुसरं गार काम: पीठ मळणं, वळणं, साच्यात दाबणं, चिकटवणं, पेरणं, डबे पुसणं. गरम काम मुलं झोपल्यावरच करायचं आणि गार काम मुलांना घेऊन. एकाच संध्याकाळी दोन्ही करायला गेलात की भाजणं, करपणं आणि रडारड तिन्ही होतात, कारण कढईवर नजर आणि मुलावर नजर एका वेळी राहत नाही.

आधी दिवस मोजा

आगमनकाळाचा (नाताळच्या तयारीच्या चार आठवड्यांचा) पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. तिथून नाताळपर्यंत कधी २२ दिवस मिळतात, कधी २८. नाताळ सोमवारी आला, तर चौथा रविवार म्हणजेच २४ डिसेंबर. अशा वर्षी 'चौथ्या आठवड्यात करू' म्हणून ठेवलेल्या कामाला आठवडाच उरत नाही. दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटी कॅलेंडर काढून बघा.

मग २४ तारखेपासून मागे मोजत या. कोणता पदार्थ किती टिकतो, यावर तो कधी करायचा हे ठरतं:

कुलकुल (शंखासारखे वळून तळलेले गोड तुकडे) आणि सुक्या खोबऱ्याच्या करंज्या दोन ते तीन आठवडे टिकतात; त्या ७ ते १४ डिसेंबरच्या दरम्यान करा. संत्र्याच्या रसात भिजवलेल्या फळांचा केक फ्रिजमध्ये दोन आठवडे राहतो, बाहेर पाच-सहा दिवस. तो १४ ते १८ दरम्यान. काजूचं मार्झिपॅन फ्रिजमध्ये दहा दिवस, १६ नंतर. ओल्या नारळाच्या करंज्या जेमतेम तीन-चार दिवस, म्हणून २२ च्या आधी हात लावू नका. गोठ्यातलं गवत १४ ला पेरायचं.

आठवड्यात जास्तीत जास्त तीन रात्री गरम काम, एका रात्री एकच, आणि साडेदहाला गॅस बंद. डिसेंबरात घरात कोणाला ना कोणाला सर्दी-ताप येतोच, म्हणून १९ आणि २० तारीख मुद्दाम रिकामी सोडा. सगळे धडधाकट राहिले तर त्या दोन रात्री झोपा.

पदार्थही कमी करा. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर तीन पदार्थ पुरेत: कुलकुल, एक केक, आणि मार्झिपॅन किंवा करंज्या यांपैकी एक. दोदोल, बेबिंका आणि पेराड हे गोड पदार्थ विकत आणा, किंवा ज्या मावशी दरवर्षी करतात त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवा. दोदोल तासन्‌तास न थांबता ढवळावा लागतो आणि बेबिंकाचा एकेक थर वेगळा भाजावा लागतो. पेराड तर शेवटी उसळून हातावर उडतो. लहान मुलांच्या आईने हे तिन्ही काही वर्षं बाजूला ठेवले तरी नाताळात काही उणं राहत नाही.

कुलकुल: मुलांचं पहिलं काम

मुलांना घेऊन करण्यासारखा याहून चांगला पदार्थ नाही. एका घाण्याला: मैदा ५०० ग्रॅम, बारीक रवा ५० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, साजूक तूप ५० ग्रॅम (साधारण चार मोठे चमचे), अंडं एक, नारळाचं घट्ट दूध १५० ते १८० मिली, मीठ पाव चमचा, वेलचीपूड अर्धा चमचा. दीडशे ते पावणेदोनशे कुलकुल होतात.

मैदा, रवा, मीठ आणि साखर एकत्र चाळा. तूप कडकडीत तापवून वर ओता आणि चमच्याने हलवा. हात लावता येईल इतकं गार झालं की दोन्ही तळहातांनी चोळा. पीठ मुठीत दाबल्यावर मुटका झाला पाहिजे आणि बोटाने दाबल्यावर तो फुटला पाहिजे. मुटका होतच नसेल तर मोहन कमी आहे, आणखी एक चमचा तूप घाला. कमी मोहनाचे कुलकुल गार झाल्यावर दगड होतात. जास्त मोहनाचे तेलात विरघळतात. मग फेटलेलं अंडं आणि आधी १५० मिली नारळाचं दूध घालून घट्ट मळा. लागलं तरच उरलेलं दूध. ओल्या फडक्याखाली पाऊण तास ठेवा. त्या वेळात रवा फुगतो आणि पीठ किंचित घट्ट होतं, म्हणून मळताना अगदी कोरडं करू नका.

लहान मुलं पीठ तोंडात घालतातच. कच्चं अंडं आणि कच्चा मैदा दोन्हींनी पोट बिघडू शकतं. तेव्हा मुलांच्या वाट्याचं पीठ बिनअंड्याचं मळा (अंड्याऐवजी तीन चमचे नारळाचं दूध जास्त), आणि बसायच्या आधी त्यांना पोटभर खायला द्या. भुकेलं मूल पीठ खातं, पोट भरलेलं मूल पिठाशी खेळतं.

आता वळणं. बोराएवढी गोळी (पाच-सहा ग्रॅम) काट्या-चमच्याच्या पाठीवर ठेवा, पाठीला आधी तुपाचं बोट फिरवलेलं असू द्या. अंगठ्याने दाबत दात्यांच्या टोकाकडे पसरवा, म्हणजे पातळ पट्टी होते आणि तिच्यावर दात्यांच्या रेघा उमटतात. मग टोकाकडून आपल्याकडे गुंडाळत या. शेवटची कड हलकेच दाबून चिकटवा; ही कड सुटी राहिली तर कुलकुल तेलात उलगडतो आणि चिरोट्याचा तुकडा होऊन बसतो. नवा, स्वच्छ धुतलेला कंगवाही चालतो आणि मुलांना तो काट्यापेक्षा सोपा जातो. कारण तो ताटाला टेकून सपाट राहतो आणि टोचत नाही.

कोणाला काय द्यायचं? दोन-तीन वर्षांच्या मुलाला फक्त गोळ्या करायला द्या, वाकड्यातिकड्या झाल्या तरी चालतील. चार-पाच वर्षांचं मूल कंगव्यावर दाबतं, पण गुंडाळताना जाड करतं. सात-आठ वर्षांचं मूल पूर्ण कुलकुल वळतं आणि लहान भावंडाला शिकवायलाही लागतं. एका बैठकीला तीस ते चाळीस मिनिटं, त्यापुढे नको. त्यानंतर पीठ जमिनीवर जायला लागतं. वळलेले कुलकुल ताटात एका थरात ठेवून वर कोरडं फडकं आणि त्यावर झाकण. उघडे ठेवले तर कड वाळून तडकते.

मुलांनी वळलेले वेगळ्या ताटात ठेवा. ते जाड असतात, आणि आपल्या पातळ कुलकुलांबरोबर तळले तर बाहेरून तपकिरी होऊन आतून कच्चे राहतात. ते मंद आचेवर आठ मिनिटं लागले तरी लागू द्या. आपले मध्यम-मंद आचेवर पाच-सहा मिनिटांत होतात. तेल तापलं का हे बघायला पिठाचा कण टाका: तो तळाशी दोन-तीन सेकंद थांबून सावकाश वर आला पाहिजे. टाकताक्षणी वर उसळला तर तेल फार तापलंय. साखर असल्याने कुलकुल आत शिजायच्या आधी काळे पडतील. एका वेळी कढईचा अर्धाच भाग भरा. रंग बदामी झाला की काढा, कारण काढल्यावरही तो एक छटा गडद होतो.

डब्यात भरायची घाई नको. पूर्ण गार व्हायला तास-दीड तास लागतो. कोमट भरले की आतली वाफ झाकणाला लागते आणि दोन दिवसांत सगळा डबा मऊ पडतो. तसं झालंच तर ओव्हनमध्ये १२० अंशांवर दहा मिनिटं ठेवून परत गार करा, खुसखुशीत होतात. वरून साखरेचा पाक चढवायचा असेल तर तोही रात्रीचं काम आहे. मुलांच्या डब्यातल्यांना पाक नाही लावला तरी चव छान असते, आणि सोफाही चिकट होत नाही.

करंज्या आणि मार्झिपॅन

करंज्या गणपती-दिवाळीच्या निमित्ताने शेजारीपाजारी सगळ्यांच्या हातच्या असतात, म्हणून इथे फक्त टिकण्याची गोष्ट. सुक्या खोबऱ्याचा कीस मंद आचेवर कोरडा होईपर्यंत भाजा, पण रंग बदलू देऊ नका. तपकिरी झालेलं खोबरं आठवड्यात खवट लागतं. त्यात बेदाणे घालू नका. त्यांच्या ओलाव्याने पारी मऊ पडते. आणि शक्य असेल तर दोन-तीन घरांनी मिळून एका रविवारी कराव्यात: एका घरी लाटणं-भरणं, दुसऱ्या घरी तळणं, तिसरीकडे सगळी मुलं. वसईच्या गावांत ही पद्धत अजून आहे आणि ती सोसायटीतही चालते.

मार्झिपॅनचं गरम काम दहा-पंधरा मिनिटांचंच आहे. काजूकतलीसारखंच करायचं: २०० ग्रॅम साखर, १०० मिली पाणी, एकतारी पाक, त्यात २५० ग्रॅम काजूची चाळलेली पूड, मंद आचेवर गोळा कडा सोडेपर्यंत ढवळायचं. काजू मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा; सलग फिरवले तर तेल सुटतं आणि गोळा तुपकट होतो. रात्री गोळा करून ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी मुलं रबरी साच्यांत दाबतील. गोळा कोरडा वाटला तर गुलाबपाण्याचे थेंब घालून मळा, दूध घालू नका. दुधाने लवकर खराब होतं. साच्याला पिठीसाखर भुरभुरवली नाही तर आकार अर्धा साच्यातच अडकतो. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग घालायची जुनी रीत लहान मुलांच्या घरात टाळलेलीच बरी.

केक

फळं रममध्ये महिनाभर मुरवायची पद्धत मोठ्यांच्या केकसाठी ठेवा. भाजताना सगळं अल्कोहोल उडून जातं असा समज आहे, पण ते पूर्ण जात नाही. मुलांसाठी ४०० ग्रॅम सुकामेवा (मनुका, काळे बेदाणे, टूटीफ्रूटी, संत्र्याच्या सालीचा मुरंबा) बारीक चिरून २०० मिली संत्र्याच्या रसात दहा मिनिटं मंद उकळा आणि झाकून रात्रभर ठेवा. सकाळी फ्रिजमध्ये टाका आणि दोन-तीन दिवसांत वापरा. त्यापुढे रस आंबतो.

कॅरमेलही आदल्या रात्रीच करून ठेवा. १०० ग्रॅम साखर आणि दोन चमचे पाणी जाड बुडाच्या पातेल्यात, ढवळायचं नाही, फक्त पातेलं फिरवायचं. रंग लालसर गडद तपकिरी झाला की गॅस बंद करून ८० मिली गरम पाणी हळूहळू ओता. ते जोरात उडतं, तेव्हा लांब दांड्याची पळी घ्या आणि तोंड बाजूला ठेवा. गार पाणी ओतलं तर साखरेचा दगड होतो. कॅरमेल उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं आणि त्वचेला चिकटून राहतं. मूल जागं असताना हे काम करायचंच नाही.

आठ इंची गोल टिनसाठी: लोणी २००, ब्राउन शुगर १५०, अंडी चार, मैदा २००, काजूची किंवा बदामाची पूड ५० ग्रॅम, बेकिंग पावडर सपाट एक चमचा, दालचिनीपूड एक चमचा, पाव चमचा जायफळ, चिमूटभर लवंग. लोणी आणि अंडी तासभर आधी बाहेर काढा. गार अंडी घातली की लोणी फाटतं. फाटलंच तर मैद्याचा एक चमचा घालून फेटा. लोणी-साखर फिकट होईपर्यंत फेटून अंडी एकेक करून, मग कॅरमेल, मग चाळलेली कोरडी सामग्री. फळं चाळणीत निथळून दोन चमचे मैद्यात घोळवून शेवटी घाला. ओली फळं तशीच घातली की तळाशी बसतात. मुलांचं काम इथे मैदा चाळणं, टिनला लोणी लावणं आणि फळं मैद्यात घोळवणं.

टिनला बटर पेपरचे दोन थर, १५० अंश, दीड तासाच्या आसपास. ऐंशी मिनिटांनी पहिल्यांदा सुरी टोचून बघा. त्याआधी दार उघडलं तर केक मध्ये बसतो. वरचा भाग लवकर गडद व्हायला लागला तर फॉइल हलकं टाका. गार झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी कापा.

घरात ओव्हन नसेल, किंवा चार केक करायचे असतील, तर मिश्रण घरी करून गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीत भाजून घ्यायची सोय मुंबई-वसईत अनेक ठिकाणी होते. दहा दिवस आधी वेळ विचारून ठेवा, मिश्रण कालवल्यापासून तासाभरात भट्टीत जाईल असं बघा (बेकिंग पावडर ओली झाली की कामाला लागते), आणि टिनच्या कडेला तारेने नावाची पत्र्याची पट्टी बांधा. कागदी चिठ्ठी भट्टीत जळते आणि मग कोणाचा केक कोणाकडे जातो ते कळत नाही.

गोठ्यातलं गवत

घटस्थापनेत धान्य पेरतात तसंच हे. गहू किंवा नाचणी. गव्हाचं गवत उंच आणि सरळ, नाचणीचं बारीक आणि मऊ, छोट्या मूर्तींना शोभणारं. एक फूट बाय एक फूट ट्रेला २०० ग्रॅम गहू १३ तारखेला रात्री भिजत घाला. १४ ला ट्रेमध्ये दोन सेंटीमीटर माती किंवा कोकोपीट पसरून त्यावर गहू दाट पसरा, वर मातीचा अगदी पातळ थर, आणि ओलं फडकं. मोड वर आले की, म्हणजे दोन-तीन दिवसांनी, फडकं काढून खिडकीत ठेवा. आठ-दहा दिवसांत १० ते १२ सेंटीमीटर वाढतं.

इथे दोन गोष्टी बिघडतात. पहिली, बुरशी: मुलं पाणी घालायच्या हौसेपायी ट्रेचा तलाव करतात. त्यांच्या हातात पाण्याचा मग न देता फवारणीची बाटली द्या, सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा फवारे, आणि मोजायला सांगा. ट्रेला तळाशी भोकं हवीतच. दुसरी, पिवळेपणा: गोठा कोपऱ्यात मांडून गवतही तिथेच ठेवलं की उजेड मिळत नाही. २३ पर्यंत ट्रे खिडकीतच राहू द्या आणि रोज अर्धा फिरवा, नाहीतर सगळं गवत उजेडाकडे झुकतं. मूर्ती झाकल्या जात असतील तर मुलांना शाळेच्या कात्रीने वरून कातरू द्या. या कामात लहानांचा अर्धा तास शांत जातो.

बाळ येशूची मूर्ती २४ च्या रात्रीपर्यंत ठेवायची नसते, गव्हाण रिकामी. त्याचा मुलांसाठी सुंदर उपयोग होतो: रोज कोणी एक चांगलं काम केलं (खेळणं वाटून घेतलं, आजीला पाणी नेऊन दिलं) की गव्हाणीत पेंढ्याची एक काडी. वाईट वागलं म्हणून काडी काढून घ्यायची नाही. तसं केलं की गव्हाण मुलांना शिक्षेची जागा वाटू लागते आणि गोठ्याजवळ यायला ती कचरतात.

तीन-चार वर्षांच्या मुलाला 'अजून वीस दिवस' समजत नाही आणि ते दिवसातून दहा वेळा विचारतं. १ डिसेंबरला रंगीत कागदाची चोवीस कड्यांची साखळी करून दाराला लावा आणि रोज रात्री झोपताना एक कडी फाडायची. साखळी किती उरली ते डोळ्यांना दिसतं. आगमनकाळाच्या चार मेणबत्त्या (तीन जांभळ्या, तिसऱ्या रविवारची गुलाबी) रात्रीच्या जेवणाआधी दहा मिनिटं, स्टीलच्या ताटात पाणी ओतून त्यात ठेवा, पडद्यापासून लांब. फुंकायची पाळी कोणाची हे कॅलेंडरवर लिहून टाका. भांडण तिथेच होतं.

तारा, झाड, दिवे

ही कामं घरातल्या पुरुषांकडे पूर्ण सोपवा. 'जरा मदत करा' असं सांगितलं की सामान आणणं, आठवण करणं आणि शेवटी आवरणं आईकडेच राहतं. 'तारा, झाड, दिव्यांच्या माळा आणि बेकरीत केक पोचवणं तुमचं, १५ तारखेपर्यंत' असं सांगा.

ताऱ्यासाठी दोन फुटी बांबूच्या दहा कामट्या: पाच-पाचच्या दोन चांदण्या, पाचही टोकं एकमेकींना बांधायची, आणि आतल्या पाच छेदांवर चार-पाच इंची काड्या उभ्या करून दोन चांदण्यांमध्ये फुगवटा द्यायचा. वर पतंगाचा कागद. खळ घरीच: दोन चमचे मैदा, एक कप पाणी, घट्ट होईपर्यंत शिजवून गार. खळीत मोरचूद घालायची सवय असेल तर मुलांच्या घरात ती सोडा, ते विषारी आहे. आत ३ ते ५ वॉटचा एलईडी दिवा. जुना पिवळा दिवा कागद तापवतो.

झाड दोरीने खिडकीच्या गजाला बांधा. काचेचे गोळे मुलाच्या हातापेक्षा उंच, खाली कापडी आणि लाकडी. एक गोष्ट फार गांभीर्याने घ्या: गाणारा सांता, चमकणारी टोपी, छोटे दिवे यांत चपट्या गोल बॅटऱ्या असतात. मुलाने ती गिळली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. झाकण स्क्रूने बंद होत नसेल ती वस्तू घरात आणू नका. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे काजू-बदाम देऊ नका, एक वर्षाखालच्याला मध नको. आणि भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, तूप काही नाही.

कपडे आणि शाळा

शिंप्याकडे कापड नोव्हेंबरमध्येच. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेलात तर तो 'हो' म्हणेल आणि २४ ला संध्याकाळी काजं-बटणं राहिलेली असतील. उंचीला दोन इंच शिवण आत सोडायला सांगा. नेटच्या फ्रॉकला आतून सुती अस्तर गळ्यापर्यंत आणि काखेतही; तिथेच टोचतं आणि मूल मिस्साच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) मध्यावर फ्रॉक ओढायला लागतं. नवे बूट १५ पासून रोज अर्धा तास घरात घालायला द्या.

शाळेत देवदूताचे पंख लागणार की मेंढपाळाचं घोंगडं, हे पहिल्या आठवड्यातच बाईंना विचारून घ्या. चर्चची तरुण मंडळी कॅरल गात कोणत्या दिवशी येणार तेही विचारा. त्या दिवशी मुलांना दुपारी झोपवा आणि रात्रीचं गरम काम ठेवू नका.

२४ आणि २५

सोरपोतेल किंवा इंद्याल (व्हिनेगर घातलेले मांसाचे तिखट रस्से) २१-२२ लाच शिजवा. दोन दिवसांनी ते मुरतं आणि चव चढते. व्हिनेगर असल्याने स्टीलचं किंवा मातीचं भांडं घ्या. ॲल्युमिनियमला आंबट लागून धातूची चव उतरते. गार झाल्यावर फ्रिजमध्ये, आणि मुलांसाठी मसाला घालायच्या आधीच थोडं मटण किंवा चिकन वेगळं काढून साधा स्ट्यू करून ठेवा. सणाच्या दिवशी तिखटाने रडणारं मूल कोणालाच नको.

मिस्साची वेळ नोटीस बोर्डावर आधी बघा. पूर्वी सगळीकडे रात्री बाराला होणारा मिस्सा आता बऱ्याच चर्चमध्ये आधी होतो, काही ठिकाणी दोन मिस्से असतात. दोघांपैकी लवकरचा घ्या, किंवा तीन वर्षांखालच्या मुलाला घेऊन २५ ला सकाळी जा. २४ ला दुपारी दोन ते चार सगळ्यांची झोप, आईचीसुद्धा. साडेसहाला मुलांचं साधं जेवण, वरणभात किंवा पेज. मैदानातला मिस्सा असेल तर दव पडतं: कानटोपी, पायमोजे आणि एक जुनी चादर अंगावर, एक खाली घालायला. रांगेच्या कडेची जागा धरा. पिशवीत पाणी आणि सुके कुलकुल ठेवा. चॉकलेट नको, नव्या कपड्यांवर वितळतं.

शेजाऱ्यांची ताटं २३ ला रात्रीच भरून ठेवा, पण ओल्या करंज्या आणि केकचे तुकडे वेगळे; त्यांच्या ओलाव्याने कुलकुल मऊ पडतात. ते दोन्ही २५ ला सकाळी ताटात घाला. एका घराला साधारण २५० ग्रॅम: मूठभर कुलकुल, दोन-तीन करंज्या, केकचे दोन तुकडे, मार्झिपॅनचे चार. घरांची यादी फ्रिजवर चिकटवा आणि ताट पोचलं की मुलांना त्या घरासमोर टिक करू द्या. सहा वर्षांच्या मुलाला खालच्या मजल्यावरची दोन ताटं एकट्याने नेता येतात, फक्त ताट स्टीलचं द्या आणि वर रुमाल घट्ट बांधा.